डायनामोला सणाचे तेल

मित्रांनो, मी एक जुना डायनामो आहे. मला मोटारीच्या इंजिनावर बसवण्यात कोणाचा काय लाभ होता, ते आधी मांडून ठेवतो, म्हणजे शेवटी किंमत कोणी भरली हे बघताना गोंधळ नको.

तुळशीरामचा लाभ सगळ्यांत मोठा. तो रेवदंड्याच्या कोळीवाड्यातला. त्याचा बाप एकदा होडी घेऊन गेला तो परत आला नाही. पुढे तुळशीरामही होडीवर जाऊ लागला, पण त्याचे मन किनाऱ्यावरच राही. एक जुनी विलायती मोटार त्याच्या हाती आली. तिच्यात वाड्यातल्या बायकांच्या मासळीच्या पाट्या भरायच्या आणि रेवस बंदरावर मुंबईच्या लाँचला नेऊन द्यायच्या, असा त्याचा बेत होता. बेत जमला तर समुद्र सुटणार होता. त्याच्या बायकोचा, नीराबाईचा लाभ एवढाच, की दिवेलागणीला नवरा ताटावर बसलेला दिसणार. ज्याने मला दुरुस्त केले त्या अलिबागच्या दत्तात्रेय मिस्त्रीला मिरवायला एक गोष्ट मिळणार होती. राहिली तुळशीरामची आई, आवडाबाई. तिचा लाभ काहीच नव्हता, आणि हे ती वाड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगे.

"कोल्याचा पोर तो, अन् चाकाव पोट भरतो! लाटंला काय ब्रेक लावनार हाय का रं तू?"

माझा लाभ? मला फिरायचे होते. पडून राहण्याचा मला तेव्हाही कंटाळा आला होता.

तुम्ही विचाराल, डायनामो म्हणजे काय? मोटारीच्या पुढच्या बाजूला बॉनेटखाली एक पंखा असतो. इंजिन फिरले की एका रबरी पट्ट्याने पंख्याची पुली फिरते, आणि तोच पट्टा मलाही फिरवतो. पंखा इंजिनाला गार ठेवतो आणि मी बॅटरी भरतो. दिवे लागतात, भोंगा वाजतो, ठिणगी पडते ती माझ्या जिवावर. पण मोटारीत बसलेला माणूस कौतुक करतो ते गादीचे आणि भोंग्याचे. माझी आठवण मी बंद पडल्यावरच येते. बहुतेक घरांत असा एक जण असतो.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. लढाईच्या दिवसांत मी लष्कराच्या गाडीवर बसून हिंदुस्थानात आलो. लढाई संपली, साहेब गेले, त्यांच्या गाड्या मागे राहिल्या. मुंबईला एका टॅक्सीवर मी ऊर फुटेस्तोवर फिरलो. एके दिवशी पोटातले तांबे जळाले, धूर निघाला, आणि मला भंगारात टाकले. तिथून मिस्त्रीने मला इतर लोखंडाबरोबर अलिबागला आणले. त्याच्या कोपऱ्यात मी किती पावसाळे काढले, ते मला चढलेल्या गंजाला विचारा.

मिस्त्रीने मला उघडले, खरवडले, नवी तार गुंडाळली, वार्निश पाजले, उन्हात वाळवले. वीज गोळा करणारे नवे कार्बन बसवले. शेजारच्या पंख्याच्या पुलीची कड तडकली होती, म्हणून दुसऱ्या गाडीची पुली लेथवर घासून तिच्या जागी बसवली. अशी दोन उसनी आयुष्ये एका पट्ट्यात बांधायची होती. पुल्या एका रेषेत नसल्या तर पट्टा कातरला जातो. मिस्त्री डोळा बारीक करून बघत होता, तेवढ्यात तुळशीरामने खिशातून जाळे विणायचा दोरा काढला आणि एका पुलीवरून दुसरीवर ताणून धरला.

"तुमची पुली बाहेर हाय मिस्त्री. दोन्ही कडांना दोरा टेकंना."

"कोळ्या, होडीत बसून शिकलास काय हे?"

"जालं वाकडं विनलं तर मासा हसतो, मिस्त्री."

मिस्त्रीने पातळ वायसर घालून पुली आत घेतली. मग माझा बोल्ट ढिला करून मला पहारीने बाहेर रेटले, पट्टा अंगठ्याने दाबून बघितला, थोडा दबला तसा बोल्ट आवळला. इंजिन चालू झाले. पट्टा कुरकुरला नाही. मित्रांनो, इतक्या वर्षांनी माझ्या अंगातून वीज गेली तेव्हा मला काय वाटले, ते सांगत नाही. म्हाताऱ्याने फार उमाळे काढू नयेत.

"हा आता तुझ्या पोरांची लग्नं बघेल," मिस्त्री म्हणाला. "पण लाड नको. ही टोपी दिसते? हिच्यात महिन्याला दोन थेंब तेल. बाकी सगळं कोरडं. पट्टा तर कोरडा ठणठणीत."

"दोनच थेंब?"

"मग काय घागर ओततोस?"

घरी आल्यावर आवडाबाईने मोटारीभोवती एक फेरी मारली. कमरेवर हात, ओठ दुमडलेले. तिने विचारले, "काय रं, तेल पिती का तुजी ही होडी?"

"पिती ना, आये. म्हैन्याला दोन थेंब."

"दोन थेंब! येवढ्यात माज्या होडीचं नाकबी भिजत न्हाय."

तुळशीराम हसला आणि आत जेवायला गेला. मिस्त्रीचे अर्धे वाक्य त्याने सांगितले, उरलेले अर्धे त्याच्या तोंडातच राहिले. आईला ते कशाला लागणार, असे त्याला वाटले. हे राहिलेले अर्धे वाक्य लक्षात ठेवा.

मग माझी चांगली वर्षे आली. मोटारीची मागची गादी काढून तिथे पाट्या रचत. वर बायका बसत, कोणी पाटीवर, कोणी एकमेकींवर. रेवदंड्याहून चौलच्या वाड्यांतून, नारळी-पोफळींच्या सावलीतून अलिबाग, तिथून किहीमच्या फाट्यावरून रेवस. रस्त्याची धूळ, खारा वारा, आणि पाटीतून ठिबकणारे पाणी. लोखंडाला यापेक्षा वाईट शेजार नाही. तरी मी फिरत राहिलो. पुढच्या बाजूला रंगूबाई बसे. तिची जीभ वाड्यात सगळ्यांत धारदार.

"तुलशीराम, हलू रं! येवढ्या वाऱ्यानं पापलेटं जिती होतील अन् उडून जातील."

"धरून बसा ना मग, मावशी."

"पापलेट धरू का माजी कंबर धरू?"

लाँच कधी चुकली नाही. बायका म्हणू लागल्या, तुळशीरामची मोटार म्हणजे घड्याळ. वाड्यातली मासळी उचलणाऱ्या दलालाचा ट्रक वाटेल तेव्हा येई आणि मासळी वाटेल तशी आपटी, म्हणून त्याचे नाव मागे पडले. घड्याळाची स्तुती होई तेव्हा मी गप्प असे. किल्ली कोण देतो, ते घड्याळ कधी सांगते का?

आवडाबाई मात्र मोटारीत बसत नसे. ती आपली पाटी बैलगाडीने नेई, आणि आम्ही शेजारून गेलो की तोंड फिरवी. मग एका उन्हाळ्यात तिचा गुडघा सुजला आणि बैलगाडीवर चढता येईना. नीराबाईने काही न बोलता सासूची पाटी मोटारीत ठेवली. सासू थोडा वेळ पाटीकडे बघत राहिली. मग पुढच्या सीटवर येऊन बसली, अगदी दाराला चिकटून.

"बसले म्हंजे मानली, असं समजू नगो," ती म्हणाली.

"न्हाय समजत, आये."

पण माणसे मानतात ती अशीच, दाराला चिकटून. पावसाळा लागेपर्यंत ती रंगूबाईला दटावू लागली होती, "बाई, पाय आवर. मोटारला लागतील." मोटार दारात उभी असली की येता-जाता पदराने काचेवरची धूळ पुसायची. तुळशीराम बॉनेट उघडून काम करी तेव्हा जवळ उभी राही आणि काही विचारत नसे. विचारले असते तर बरे झाले असते.

आता कोळीवाड्याची रीत सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यातून आले. पावसात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा आणि होड्या पुन्हा पाण्यात घालायच्या. त्याआधी होडीला तेल चोळतात, मुशीचे तेल. मुशी हा मोठा मासा, तिचे तेल एवढे उग्र की वास हातावर आठवडाभर राहतो. लाकूड ते पिते, फुगते, आणि पाणी आत येत नाही. होडीला तेल न लावणे म्हणजे सणाच्या दिवशी घरच्या माणसाला उपाशी ठेवणे.

त्या वर्षी पौर्णिमेच्या सकाळी, वाडा होड्यांकडे गेला असताना, आवडाबाई तेलाची बाटली घेऊन माझ्याकडे आली. तिने बॉनेट उघडले, मुलाला उघडताना बघून शिकली होती तसेच. आधी फुलांची माळ ठेवली, हळद-कुंकू लावले. मग बाटलीतले तेल तळहातावर घेतले.

पट्टा तिला सुकलेल्या दोरासारखा दिसला. होताच तो तसा, काळा, भेगाळलेला.

"सुकलास रं बाबा," ती पुटपुटली. "कुनी बघत न्हाय का तुज्याकडं?"

तिने पट्टा आतून-बाहेरून चोळला. पुलीच्या खाचेत बोटे घातली. माझ्या अंगावरून हात फिरवला, फटीतून आत तेल सोडले, आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिली. मित्रांनो, खरे सांगतो, मला बरे वाटले. कारखान्यापासून तोवर मला पुष्कळ हात लागले होते, पण त्यातला प्रत्येक हात कामाचा होता. हा हात पहिलाच असा, की ज्याला माझ्याकडून काही नको होते.

दोन दिवसांनी होड्या आल्या. हंगामातली पहिली मासळी! पाट्या भरल्या, बायका बसल्या, आवडाबाई पुढे. पट्टा दोन दिवस तेलात मुरून मऊ पडला होता. चौलपर्यंत कसाबसा फिरला. अलिबागला किंचाळू लागला. किहीमच्या फाट्याजवळ पुलीवरून नुसता घसरत राहिला. पंखा थांबला, मी थांबलो, आणि रेडिएटरमधून वाफेचा फवारा उडाला.

तुळशीरामने बॉनेट उघडले. पट्ट्यावर बोट ठेवले, नाकाशी नेले. त्या वासात तो जन्माला आला होता. त्याने मान वर केली आणि काचेतून आईकडे बघितले. आवडाबाईचे हात पदराखाली गेले.

"काय झालं रं?" रंगूबाई ओरडली. "लाँच जाईल ना!"

तुळशीरामच्या डोक्यातला हिशेब मला इंजिनावरून दिसत होता. खरे सांगावे, तर वाडा काय म्हणेल? जी बाई वर्षानुवर्षे मोटारीला नावे ठेवत आली, तिनेच ती बुडवली. आईनेच लेकाचे चाक मोडले. पुढचा प्रत्येक सण तिला तोंड लपवून काढावा लागेल.

"काय न्हाय, मावशी," तो म्हणाला. "डायनामोनं दगा दिला. भंगारातला तो भंगारातलाच."

मी ऐकले. प्रत्युत्तर द्यायला मला तोंड नव्हते, आणि असते तरी मी दिले असते की नाही, कोण जाणे.

पट्ट्यावर माती चोळून बघितली, फडक्याने पुसून बघितला. कशाचाही उपयोग झाला नाही. शेवटी एका बैलगाडीवर पाट्या चढवल्या. त्या रेवसला पोहोचल्या तेव्हा लाँच गेलेली होती. हंगामाची पहिली मासळी बंदरावर उन्हात नासली. रंगूबाईने रिकामी पाटी उपडी केली आणि म्हणाली, "जुनं तारा भरून नवं होतं का कुटं? मिस्त्रीनं बी फसवलं अन् तुलशीरामनं बी." दुसऱ्या दिवसापासून पाट्या दलालाच्या ट्रकात गेल्या.

मिस्त्रीने मला उघडले. वास येताच तो थबकला.

"हे कोणी केलं, मला कळतं. तू बोलणार नाहीस?"

"न्हाय."

"तुझ्या आईची अब्रू राहावी म्हणून माझी घालवतोस?"

"तुमची अब्रू दुसरी गाडी दुरुस्त केली की परत यील, मिस्त्री. तिची कशी यील?"

मिस्त्रीने पाना आपटला, मला दोन शिव्या दिल्या (मला का, ते विचारू नका), पेट्रोलने धुतले, नवा पट्टा घातला आणि बाहेर कोणाकडे काही बोलला नाही. मी पुन्हा धडधाकट झालो. पण पाट्याच नाहीत तर धडधाकट असून काय उपयोग? मोटार दारात उभी राहिली. तुळशीराम दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून समुद्रात गेला.

नीराबाई रोज नवऱ्याची भाकरी बांधून देई, आणि तिच्या नजरेने काय विचारले ते आवडाबाई ऐकून न ऐकल्यासारखे करी. तिने चूक त्या फाट्यावरच ओळखली होती. पण मुलाने तिच्यासाठी खोटे उचलले होते, आणि ते त्याच्या डोक्यावरून उतरवायचे तर स्वतःच्या डोक्यावर घ्यावे लागणार होते. वाड्यात तिचे डोके कोणापुढे कधी वाकले नव्हते.

भाद्रपदात एका दुपारी वारा फिरला. होड्या एकेक करून आल्या. तुळशीरामची आली नाही. नीराबाई जाऊन पाण्याच्या कडेला उभी राहिली. लाट घोट्यापर्यंत येई तरी ती मागे सरेना. कपाळावर हात आडवा धरून बघत होती. मोटार दारात होती, तिथून मला ती दिसत होती, आणि तिच्याकडे बघणारी आवडाबाईही दिसत होती. त्याच जागी, तसाच हात धरून, ही बाई स्वतः एकदा उभी राहिली होती. तिची होडी आली नव्हती.

ही आली. संध्याकाळी, शीड फाटलेली, पण आली.

दुसऱ्या दिवशी मासळीचा लिलाव चालू होता. दलालाचा ट्रक उभा होता, सगळ्या बायका जमल्या होत्या. आवडाबाई लंगडत मधोमध आली आणि तेलाची बाटली वाळूवर ठेवली.

"ऐका गो. पट्ट्याला ह्ये तेल म्या चोळलं. दोष डायनामोचा न्हाय, मिस्त्रीचा न्हाय, अन् माज्या पोराचा तर न्हायच न्हाय."

लिलाव थांबला. रंगूबाईने डोळे बारीक केले. "मोटार बुडावी म्हनून?"

"बुडावी म्हनून कुनी तेल लावतं का गो, रंगू?" आवडाबाईचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "बुडू नये म्हनून लावत्यात."

लाट आली, गेली. मग रंगूबाई खाली बसली, बाटली उचलून तिने वास घेतला, आणि तिला हसू फुटले.

"आगं बाय! मंग मीबी लावलं असतं. बाटली कशाला, डबाभर!"

ते हसणे बायकांमधून पसरत गेले. हसता हसता प्रत्येकीला कळले की तिनेही तेच केले असते. सणाच्या दिवशी दारातली होडी कोरडी कोण ठेवील? आठवडा गेला नाही तोच पाट्या परत आल्या, पहिली रंगूबाईचीच. तुळशीरामने खलाशाचे काम सोडले. मीही पुन्हा फिरू लागलो.

पुढे बरीच वर्षे फिरलो. रस्ते सुधारले, ट्रक वाढले, मोटार म्हातारी झाली आणि तुकड्यातुकड्यांनी गेली. माझ्या पोटातले तांबे काढून घेतले. उरलेले लोखंड भंगारवाला नेत होता, तेव्हा आवडाबाईच्या सांगण्यावरून तुळशीरामने त्याच्या पाटीतून मला उचलले आणि मासळी सुकवायच्या खळ्यावर आणून ठेवले. वाऱ्याने ताडपत्री उडू नये म्हणून तिच्या कोपऱ्यावर मी असतो. फिरायचे ते फिरून झाले आहे. आता नुसते वजन द्यायचे, आणि त्याचाही कधी कधी कंटाळा येतो.

मित्रांनो, यंत्राला जपा, माणसांनाही जपा. पण माया करायच्या आधी समोरच्याला काय सोसते ते विचारा. आणि तुम्हाला माहीत असेल तर पूर्ण वाक्य सांगा. ऐकणाऱ्याला काय लागेल आणि काय नाही, हे तुम्ही ठरवू नका.

आता शेवटचा हिशेब. तुळशीरामला रस्ता परत मिळाला. नीराबाईला दिवेलागणी मिळाली. मिस्त्रीचे नाव परत आले, आणि रंगूबाईला जन्मभर पुरेल अशी थट्टा मिळाली, पुढे कोणाची सायकल कुरकुरली तरी ती म्हणे, "आवडाबायला बोलवा, तेल लावंल." आवडाबाई ऐकून घेई. त्यानंतरच्या प्रत्येक नारळी पौर्णिमेला ती माझ्यापाशी आली. आधी दोन्ही हात पदराला घासून घासून कोरडे करायची, तळवे उघडून मला दाखवायची, आणि लांबूनच फूल टाकायची. हात पुन्हा कधी लावला नाही.

म्हणजे किंमत भरली तिने. आणि थोडी मी.

आता मला तेल लावले तरी चालेल. आता बिघडण्यासारखे माझ्यात काही उरलेले नाही. पण लावणारी राहिली नाही.